बाळाच्या डोळ्यांतला दोष आणि आपला उशीर

(अभ्यासलेख. वाचनासाठी : योहान ९:१-४१)



योहानकृत शुभवर्तमानातील जन्मांध माणसाची कथा आपल्या चांगल्या परिचयाची आहे. उपासनेच्या 'अ' वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी ती मिस्सामध्ये वाचली जाते. वाटेने जात असताना येशूला जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस दिसतो. शिष्यांनाही तोच माणूस दिसतो, पण त्यांना त्याच्यामागचे पाप शोधायचे असते. पाप याने केले की याच्या आईबापांनी, असे ते गुरूला विचारतात. येशू दोन्ही शक्यता साफ नाकारतो, चर्चा तिथेच थांबवतो आणि कामाला लागतो.

शिष्यांचा हा प्रश्न आजही आपल्या वाड्यावाड्यांतून विचारला जातो. एखाद्या घरी बाळाचा एक डोळा लहान निघाला, बाहुलीत पांढरे दिसले किंवा पापणी उघडेना, की कुजबूज सुरू होते. कोणी म्हणते, सुनेने ग्रहण पाळले नाही. कोणी म्हणते, दिष्ट लागली. कोणी घराण्यातला जुना शाप उकरून काढते. हे सारे ख्रिस्ती घरांतही चालते. या कुजबुजीत दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे बाळंतिणीचे मन मोडते. दुसरी अधिक गंभीर : लाजेने बाळाला घरातच ठेवले जाते, आणि डॉक्टरकडे जाण्याचे मोलाचे आठवडे निघून जातात. या रविवारी आपण याच विषयाचा अभ्यास करू.

१. 'दोष' या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत 'दोष' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. 'यंत्रात दोष आहे' म्हणतो तेव्हा बिघाड किंवा उणीव असा अर्थ असतो. 'दोष कोणाचा?' असे विचारतो तेव्हा अपराध असा अर्थ होतो. शब्द एकच असल्यामुळे मनातही दोन्हींची सरमिसळ होते. डोळ्यात दोष आहे ना, मग तो कोणाचा तरी असलाच पाहिजे, असे आपण नकळत धरून चालतो.

तत्त्वज्ञान शिकताना पहिल्याच वर्षी सांगितले जाते की कारण वेगळे आणि अपराध वेगळा. माडाची झावळी तुटून अंगणात पडली तर तिला कारण असते. ती सुकली होती, वारा सुटला होता. पण अपराधी कोणी नसतो. बाळाच्या डोळ्यांतील दोषालाही कारण असते. कधी ते सापडते, कधी डॉक्टरांनाही सापडत नाही. परंतु कारण शोधणे म्हणजे अपराधी शोधणे नव्हे. कारण शोधायचे ते उपचारासाठी आणि पुढच्या बाळाच्या काळजीसाठी.

२. गर्भात डोळा कसा घडतो

गर्भधारणेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी डोळ्यांची पहिली खूण उमटते. मेंदूच्या पुढच्या भागातून दोन्ही बाजूंना दोन लहान उंचवटे बाहेर येतात आणि पेल्यासारखा आकार घेतात. त्यांच्या समोरच्या कातडीपासून डोळ्याचे भिंग तयार होते. पेल्याच्या खालच्या बाजूला एक फट असते. ती साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात मिटते. पुढे पापण्या तयार होऊन एकमेकींना चिकटतात आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास पुन्हा उघडतात.

यातून एक साधी गोष्ट लक्षात येते. डोळ्याची मुख्य घडण पहिल्या दोन महिन्यांतच होते. त्या वेळी पुष्कळदा आईला दिवस गेल्याचेही नीट कळलेले नसते. मग सातव्या महिन्यात ग्रहणाच्या वेळी ती विळीवर बसली म्हणून बाळाच्या बाहुलीला फट पडली, हे कसे शक्य आहे? ती फट मिटायची वेळ केव्हाच होऊन गेलेली असते. ग्रहण हा सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या सावल्यांचा खेळ आहे. ज्या देवाने हे गोल निर्माण केले, तो त्यांच्या सावलीने पोटातल्या बाळाला शिक्षा करीत नाही.

३. दोषांचे प्रकार

सर्व दोष सारखे नसतात. काही बरे होतात, काहींत सुधारणा होते, काही कायम राहतात. मुख्य प्रकार असे :

जन्मजात मोतीबिंदू. मोतीबिंदू म्हणजे म्हातारपणचा आजार, असा आपला समज आहे. पण काही बाळांचे भिंग जन्मतःच दुधाळ असते. बाहुली काळी दिसण्याऐवजी पांढुरकी दिसते.

जन्मजात काचबिंदू. डोळ्यातील पाण्याचा निचरा नीट न झाल्यामुळे आतला दाब वाढतो. बाळाचा डोळा मऊ असल्यामुळे तो ताणून मोठा होतो. नातेवाईक कौतुकाने म्हणतात, काय सुंदर टपोरे डोळे आहेत! पण डोळे टपोरे, त्यांतून सतत पाणी, आणि उजेडात नेल्यावर बाळ डोळे घट्ट मिटून रडते, अशी तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर ती धोक्याची घंटा आहे.

फट राहिलेला डोळा. वर सांगितलेली फट मिटली नाही तर बाहुली गोल न दिसता कुलपाच्या भोकासारखी दिसते. डॉक्टर याला कोलोबोमा म्हणतात. फट फक्त पुढच्या भागात असेल तर नजर चांगली राहू शकते. ती मागच्या पडद्यापर्यंत गेली असेल तर नजर कमी होते.

फार लहान डोळा किंवा डोळाच नसणे. हा प्रकार विरळा आहे. नजर देता आली नाही तरी खोबणीत योग्य वेळी साचा बसवत गेल्यास बाळाच्या चेहऱ्याची वाढ नीट होते. म्हणून 'आता काही उपयोग नाही' म्हणून घरी बसू नये.

पडलेली पापणी. पापणी बाहुली झाकत असेल तर डोळा चांगला असूनही त्याला पाहायला मिळत नाही आणि तो आळशी होतो.

याशिवाय दोन आजार घडणीतले दोष नसले तरी इथेच सांगायला हवेत. बाहुलीतली पांढरी चमक कधी कधी डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाचीही असते. साधारण १५ ते २० हजार जन्मांत एका बाळाला तो होतो. वेळेवर कळला तर बाळ वाचते, आणि पुष्कळदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर जीव जातो. दुसरा आजार अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. फारच लवकर जन्मलेल्या बाळाची त्याहूनही आधी. बाहेरून असा डोळा अगदी निरोगी दिसतो, म्हणून ही तपासणी मागून घ्यावी.

४. कारणे कोणती

रुबेला. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात नॉर्मन ग्रेग नावाच्या नेत्रतज्ज्ञांकडे मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे एकामागून एक येऊ लागली. आयांशी बोलताना एक धागा सापडला. आदल्या वर्षी तिथे रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची साथ आली होती, आणि यांतील बहुतेक आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला तो आजार होऊन गेला होता. ग्रेग यांनी अशा ७८ बाळांची नोंद प्रसिद्ध केली. आईला अंगावर थोडे पुरळ आणि हलका ताप, एवढाच हा आजार. पण पहिल्या तीन महिन्यांत तो झाला तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांवर घाला येतो. त्या आयांनी काय पाप केले होते? एका डॉक्टराने दोष देण्याऐवजी त्यांचे ऐकून घेतले, म्हणून जगाला कारण कळले.

या आजारावर आज लस आहे. आपल्या देशात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या राज्यांत शेजारचा गोवाही होता. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली आणि ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळाशाळांतून लस देण्यात आली. आता ही लस नेहमीच्या लसीकरणात ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान मोफत मिळते. आज जी मुलगी लस घेते, ती वीस-पंचवीस वर्षांनी आपल्या बाळाचे डोळे राखते. लग्न ठरलेल्या ज्या मुलीला ही लस मिळालेली नाही, तिने डॉक्टरांचा सल्ला घेऊन ती लग्नाआधीच घ्यावी. गरोदरपणात ही लस देत नाहीत.

जवळच्या नात्यातील विवाह. आईकडून आणि बापाकडून एकच लपलेला बिघाड बाळाकडे आला तर काही दोष प्रकट होतात. आईबाप दोघेही निरोगी असतात, तरी अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला चारांत एक इतका धोका असतो. सख्ख्या मामेबहीण-आतेभावात असे समान बिघाड असण्याची शक्यता वाढते. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे (कलम १०९१) सख्ख्या चुलत, मामे, आते व मावस भावंडांचा विवाह बिशपांच्या विशेष परवानगीशिवाय वैध होत नाही. कागदपत्रे तपासताना आम्ही नाते विचारतो ते उगाच नव्हे. ज्यांचे असे विवाह पूर्वीच झाले आहेत त्यांनी मात्र स्वतःला अपराधी समजू नये. त्यांनी पुढच्या गरोदरपणात डॉक्टरांना नाते सांगावे, एवढेच.

औषधे आणि दारू. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या, विशेषतः मुरमांवरची काही औषधे, गर्भाला घातक असतात. दारूही गर्भापर्यंत पोहोचते. 'थोडीशी ब्रँडी अंगात ऊब आणते' हा सल्ला गरोदर बाईला कोणी देऊ नये.

आणि शेवटी, पुष्कळ वेळा कोणतेच कारण सापडत नाही. घडण इतकी नाजूक असते की कुठेतरी टाका चुकतो. अशा वेळी 'ठाऊक नाही' हे उत्तर प्रामाणिक आहे. 'आईचेच काहीतरी चुकले असेल' हे उत्तर खोटे तर आहेच, शिवाय क्रूरही आहे.

५. मेंदूलाही पाहायला शिकावे लागते

'बाळ अजून लहान आहे, मोठे झाल्यावर ऑपरेशन करू,' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. हे का चुकीचे आहे, ते एका जुन्या प्रश्नातून चांगले समजते.

१६८८ साली डब्लिनच्या विल्यम मॉलिनो यांनी जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याला पत्रातून एक कोडे घातले. जन्मांध माणूस स्पर्शाने चेंडू आणि चौकोनी ठोकळा ओळखतो. त्याला अचानक दृष्टी मिळाली, तर हात न लावता, नुसते पाहून त्याला यांतला चेंडू कोणता ते सांगता येईल का? मॉलिनो यांची स्वतःची पत्नी लग्नानंतर लवकरच अंध झाली होती. दोघांचेही उत्तर 'नाही' असे होते. तीनशे वर्षे हा वाद वर्गावर्गांतून चालला.

त्याचे उत्तर शेवटी आपल्या देशातील मुलांनी दिले. प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पातून उत्तर भारतातील जन्मतः न दिसणाऱ्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची तपासणी २०११ साली प्रसिद्ध झाली. हाताने चाचपलेली वस्तू नुसत्या नजरेने ओळखणे त्यांना सुरुवातीला जमले नाही. काही दिवसांतच ते जमू लागले. म्हणजे डोळा उघडला की लगेच दिसते असे नाही, पाहणे शिकावे लागते. या मुलांना उशिराही बराच लाभ झाला, म्हणून मोठ्या मुलाबाबतही आशा सोडू नये. पण नजरेची तीक्ष्णता पूर्ण येत नाही.

असे का होते, ते ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांवर दाखवून दिले. पहिल्या काही आठवड्यांत पिलाचा एक डोळा मिटून ठेवला, तर तो पुढे उघडूनही मेंदू त्या डोळ्याचे ऐकत नाही. डोळा चांगला असतो, पण मेंदूतली त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतलेली असते. या शोधासाठी त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मऊ सिमेंटवर पाऊल उमटते, ते सुकल्यावर उमटत नाही, तसेच हे आहे.

म्हणून एका डोळ्यात दाट जन्मजात मोतीबिंदू असेल तर सुमारे सहा आठवड्यांच्या आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर सुमारे आठ आठवड्यांच्या वयापर्यंत शस्त्रक्रिया व्हावी, असे डॉक्टर सांगतात. बारसे, बाप्तिस्मा, मुंबईहून चाकरमान्यांचे येणे, यांसाठी ही तारीख पुढे ढकलता येत नाही. आणि ऑपरेशनने काम संपत नाही. चष्मा, चांगल्या डोळ्यावर ठरावीक तास पट्टी बांधणे आणि नियमित तपासणी हे अनेक वर्षे चालते. तान्ह्या बाळाला चष्मा पाहून कोणी हसले, तर त्याला समजावून सांगावे.

६. घरच्यांनी काय पाहावे

प्रत्येक घरात आईबापांनी आणि आजी-आजोबांनी एवढ्या गोष्टी पाहाव्यात :

- बाहुली काळी आहे की पांढुरकी? फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा चमकतो का?
- दोन्ही डोळे सारख्या आकाराचे आहेत का? बुबुळ धुरकट दिसते का?
- बाळ उजेडाला फार घाबरते का?
- दोन महिन्यांचे बाळ आईच्या चेहऱ्याकडे टक लावते का? तीन महिन्यांचे बाळ हलत्या वस्तूमागे नजर फिरवते का?
- डोळे सतत थरथरतात का? चार महिन्यांनंतरही डोळा तिरळा दिसतो का? तिरळा डोळा 'नशीबवान' नसतो, तो तपासून घ्यायचा असतो.

नुसते पाणी येत असेल तर बहुधा अश्रूंची नळी बंद असते आणि वर्षभरात ती पुष्कळदा आपोआप उघडते. डॉक्टर त्यासाठी बोटाने चोळण्याची पद्धत शिकवतात. पण हे 'नुसते पाणी' आहे की काचबिंदू, ते डॉक्टरांनीच ठरवावे.

डोळ्यात मध, कांद्याचा रस, काजळ किंवा गावठी पाल्याचा रस घालू नये. प्रभूने त्या माणसाच्या डोळ्यांना चिखल लावला होता, असे कोणी म्हणेल. पण त्याने लगेच तळ्यावर जाऊन धुऊन यायला सांगितले, हेही तिथेच लिहिलेले आहे.

आता कुठे जावे? वाडीतील आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकेला आधी सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुले तपासतात. जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळ्यांचे आजार या कार्यक्रमात येतात आणि पुढील उपचार मोफत होतात. परंतु तान्ह्या बाळासाठी पथकाची वाट पाहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन थेट ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जावे. तान्ह्या बाळाचे ऑपरेशन पूर्ण भूल देऊन करावे लागते. त्यामुळे गरज पडल्यास तिथून मोठ्या ठिकाणी पाठवतात. गोव्यातील बांबोळी किंवा मुंबईचे जे. जे. आपल्या लोकांना नवे नाही. कर्करोगाची शंका असेल तर परळचे टाटा रुग्णालय आहे.

संत लुसीकडे आपण डोळ्यांसाठी मध्यस्थी मागतो, १३ डिसेंबरला तिचा सण पाळतो. ते योग्यच आहे. सिराखच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखण्याचा उपदेश आहे, कारण वैद्यालाही देवानेच नेमले आहे. मेणबत्ती लावून त्याच दिवशी एस.टी. पकडावी. या दोहोंत विरोध नाही.

७. ज्यांना दृष्टी मिळत नाही

सर्व करूनही काही मुलांना दिसणार नाही. त्यांच्यापुढे आयुष्य आहे, हे विसरू नये. मुंबईत १९०० साली मिस ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनी अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच आज दादरची कमला मेहता अंध शाळा म्हणून ओळखली जाते. १९५१ पासून भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल लिपी ठरली आणि मराठी पुस्तके बोटांनी वाचता येऊ लागली. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी प्रमाणपत्र वेळेवर काढावे. अशा बाळाशी पहिल्या दिवसापासून भरपूर बोलावे, त्याच्या हाताला वस्तू द्याव्यात, त्याला रांगू द्यावे, पडू द्यावे. दयेपोटी त्याला खाटेवर बसवून ठेवणे हा दुसरा अंधार होय.

८. धर्मग्रामाचे काम

योहानाच्या नवव्या अध्यायात त्या माणसाच्या आईबापांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मुलाला दृष्टी मिळते, तो घरच्या आनंदाचा दिवस असायला हवा होता. पण त्यांना चौकशीसाठी बोलावले जाते. समाजातून बाहेर काढतील या भीतीने ती दोघे बोलायलाही कचरतात आणि मुलालाच विचारा म्हणतात. भोवतालची माणसे दोष शोधू लागली की आईबाप आपल्याच मुलापासून मागे सरतात. आपल्या धर्मग्रामात असे आईबाप असतील, तर त्यांनी आपल्याला भिऊ नये अशी आपली वागणूक हवी.

प्रभूने पापाचा प्रश्न बाजूला सारला आणि देवाची कार्ये दिवस आहे तोवरच करायला हवीत, असे सांगितले. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांच्या बाबतीत हा 'दिवस' अक्षरशः सहा-आठ आठवड्यांचा असतो. त्या आठवड्यांत शेजाऱ्यांनी चौकशा करण्याऐवजी गाडीची सोय करावी. कोणी घरच्या मोठ्या मुलांना सांभाळावे, कोणी मुंबईतल्या आपल्या खोलीत त्यांना चार दिवस जागा द्यावी. संत विन्सेंट डी पॉल मंडळासारख्या गटांना हे काम नवे नाही. पैशांची अडचण असेल तर संकोच न करता आम्हांला भेटावे.

समूहात विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत गेल्या वर्षभरात जन्मलेल्या बाळांचे डोळे कोणी तपासले आहेत का?
२. एखाद्या आईला आपण बोलण्यातून दोष दिला आहे का? तिची भेट घेऊन काय बोलता येईल?
३. आपल्या घरातील मुलामुलींना गोवर-रुबेलाची लस मिळाली आहे का? कार्ड शोधून पाहा.

प्रार्थना

हे प्रभो येशू, तू जन्मांध माणसाकडे पाहिलेस आणि त्याला दोष दिला नाहीस. आमच्या घरी जन्मलेल्या प्रत्येक बाळाकडे तुझ्या नजरेने पाहायला आम्हांला शिकव. आयांच्या मनावरचे खोटे ओझे उतरव. डॉक्टर, परिचारिका आणि आशाताई यांच्या हातांना बळ दे. आणि जे काम आज करायचे आहे ते उद्यावर टाकण्यापासून आम्हांला राख. आमेन.